युद्ध, अवर्षण आणि उठलेली बिऱ्हाडे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सुदानमधील विस्थापनावरचे आमचे टिपण गेल्या अंकात प्रसिद्ध झाल्यानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेक पत्रांचा रोख एकाच शंकेकडे होता: माणसे आपला मुलूख सोडतात ती युद्धामुळे, की बदलत्या हवामानामुळे? त्यांपैकी काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. जागेअभावी पत्रांचा मजकूर संक्षिप्त केला आहे.

सीरियातील यादवी युद्ध दुष्काळामुळे पेटले, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. हवामान बदलातून दुष्काळ, दुष्काळातून युद्ध आणि युद्धातून निर्वासित अशी साखळी मांडणे योग्य आहे का?
– इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक

या साखळीतील काही कड्या भक्कम आहेत. मात्र ती जितकी सरळ मानावी तितकी युद्ध लादणाऱ्यांची जबाबदारी झाकली जाते, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

२००६ ते २०१० या काळात सीरियाच्या ईशान्य भागात, विशेषतः हसाका प्रांतात, तीव्र अवर्षण होते. त्यातला २००७-०८चा हंगाम सर्वांत वाईट ठरला आणि गव्हाच्या बाबतीत स्वयंपूर्ण असलेल्या या देशाला २००८ साली गहू आयात करावा लागला. हजारो शेतकरी आणि मेंढपाळ कुटुंबे गावे सोडून मोठ्या शहरांच्या कडेला जाऊन राहिली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या संशोधनाचा निष्कर्ष असा होता की, माणसाने घडवलेल्या तापमानवाढीमुळे एवढ्या तीव्र अवर्षणाची शक्यता दोन ते तीन पटींनी वाढली होती. त्याच संशोधनाने या स्थलांतराला पुढच्या उठावाच्या कारणांत स्थान दिले, आणि तेव्हापासून हे सूत्र पुढाऱ्यांच्या भाषणांतून आणि वृत्तपत्रांच्या अग्रलेखांतून फिरू लागले.

दोन वर्षांनी दुसऱ्या अभ्यासकांनी त्या मांडणीची कठोर छाननी केली. पंधरा लाख लोक दुष्काळामुळे स्थलांतरित झाले हा वारंवार दिला जाणारा आकडा त्यांच्या मते फुगवलेला होता, आणि या नवागतांनी निदर्शनांत पुढाकार घेतल्याचा ठोस पुरावा त्यांना आढळला नाही. शिवाय अवर्षण एकटे आलेले नव्हते. गहू आणि कापूस पिकवण्यासाठी सरकारच्याच प्रोत्साहनाने कित्येक वर्षे भूजल बेसुमार उपसले गेले होते. पाणी खोल गेले तसे ते वर काढायला अधिक डिझेल लागू लागले, आणि नेमके त्याच वेळी, २००८ साली, डिझेलवरील अनुदान कापले गेल्याने त्याची किंमत तिपटीहून अधिक झाली. पुढच्याच वर्षी खतांचेही अनुदान गेले. त्या दुष्काळाची झळ शेजारच्या इराकला आणि तुर्कस्तानच्या आग्नेय भागालाही लागली होती, पण तेथे त्यातून असा उठाव झाला नाही. सीरियातील उठावाची ठिणगी पडली ती अशी: मार्च २०११ मध्ये दरा शहरात भिंतीवर सरकारविरोधी घोषणा लिहिल्याबद्दल शाळकरी मुलांना पकडून त्यांचा छळ करण्यात आला आणि त्याचा निषेध करणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. युद्धपूर्व लोकसंख्येतील निम्म्याहून अधिक माणसांना पुढे घर सोडावे लागले ते बाँबहल्ले, शहरांना पडलेले वेढे, अटकसत्रे आणि सक्तीची लष्करभरती यांमुळे.

सुदानच्या पश्चिमेकडील दार्फूर प्रदेशाच्या बाबतीतही हाच वाद झाला. संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन सरचिटणीस बान की-मून यांनी जून २००७ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्रातील लेखात दार्फूरच्या संघर्षाच्या मुळांशी पर्यावरणीय संकट असल्याचे म्हटले होते. पाऊस घटल्याने शेतकरी आणि उंटपाळ यांच्यात पाण्यावरून व कुरणांवरून ताण वाढला, हे खरेच आहे. परंतु पावसाची मोठी घट १९७० आणि १९८०च्या दशकांतील, तर युद्ध २००३ सालचे. असे तंटे पूर्वी टोळीप्रमुखांच्या मध्यस्थीने मिटत असत. ही व्यवस्था राजधानी खार्टूमच्या राज्यकर्त्यांनी खिळखिळी केली आणि एका बाजूच्या टोळ्यांच्या हाती शस्त्रे दिली. त्या वर्षांत गावे जाळणाऱ्या जंजावीद टोळ्यांतूनच पुढे ‘जलद मदत दल’ उभे राहिले. १५ एप्रिल २०२३ पासून हे दल सुदानच्या सैन्याशी लढत आहे आणि या युद्धाने एक कोटीहून अधिक माणसांना बेघर केले आहे.

निसर्गाचा घाव आणि राज्यकर्त्यांची कृती यांचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते १९७० साली. त्या वर्षी १२ नोव्हेंबरला तत्कालीन पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आदळलेल्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसे मृत्युमुखी पडली. मदत पोहोचवण्यात पश्चिम पाकिस्तानातील लष्करी राजवटीने केलेल्या दिरंगाईने लोकक्षोभ उसळला, डिसेंबरच्या निवडणुकीत अवामी लीगला प्रचंड बहुमत मिळाले, आणि तो कौल नाकारून २५ मार्च १९७१ च्या रात्री सैन्याने कत्तल सुरू केली. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. ते वादळामुळे आले असे कोणी म्हणत नाही, तरीही वादळ वगळून तो इतिहास सांगता येत नाही.

अभ्यासकांचे आजचे एकत्रित मतही याच दिशेचे आहे. हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाने २०२२ च्या अहवालात म्हटले आहे की, सामाजिक व आर्थिक कारणांच्या तुलनेत संघर्षांवरील हवामानाचा प्रभाव कमी आहे. गेल्या शतकातील सशस्त्र संघर्षांपैकी सुमारे ३ ते २० टक्के संघर्षांवर हवामानाचा परिणाम झाला असावा, असा अंदाज तज्ज्ञांच्या एका गटाने २०१९ साली मांडला आणि तापमान वाढेल तसा हा धोका वाढेल असेही बजावले. माझे मत विचाराल तर, पाऊस किती पडला या प्रश्नासोबत पाणी, जमीन आणि बंदूक कोणाच्या हाती होती हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारलाच पाहिजे.

एका अहवालात युद्धापेक्षा आपत्तींमुळे जास्त लोक विस्थापित झाल्याचे वाचले, तर दुसऱ्यात नेमके उलट. कोणता आकडा खरा मानावा?
– एक वाचक

दोन्ही आकडे खरे आहेत, कारण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. जिनिव्हातील अंतर्गत विस्थापन निरीक्षण केंद्राच्या नोंदीनुसार २०२४ या वर्षात आपत्तींमुळे देशांतर्गत विस्थापनाच्या ४ कोटी ५८ लाख घटना घडल्या, तर संघर्ष आणि हिंसाचारामुळे २ कोटी १ लाख. वर्षअखेरीस घराबाहेर असलेल्यांची मोजदाद केली तेव्हा मात्र चित्र उलटले: एकूण ८ कोटी ३४ लाख अंतर्गत विस्थापितांपैकी ७ कोटी ३५ लाख संघर्षामुळे आणि ९८ लाख आपत्तींमुळे विस्थापित होते. पुराचे पाणी ओसरले की बहुतेक माणसे परततात, आणि युद्धात घर सोडलेली माणसे वर्षानुवर्षे परतू शकत नाहीत, एवढाच याचा अर्थ.

आपत्तींच्या आकड्यात वादळापूर्वी सुरक्षित ठिकाणी हलवलेली माणसेही धरलेली असतात. २०२४ साली एकट्या अमेरिकेत अशा सुमारे १ कोटी १० लाख घटना नोंदल्या गेल्या आणि त्यांत हेलीन व मिल्टन या वादळांपूर्वीच्या स्थलांतराचा वाटा मोठा होता. म्हणजे मोठा आकडा नेहमी मोठ्या दुर्दशेचा असतो असे नाही; कधी तो चोख पूर्वसूचना-यंत्रणेचाही असतो. उलट, ज्याची जमीन खारावत जाते किंवा ज्याची विहीर वर्षागणिक आटत जाते तो शेतकरी मजुरीसाठी म्हणून शहरात जातो, आधी एकटा आणि मग कुटुंबासह. त्याची नोंद विस्थापित म्हणून कोठेच होत नाही. हवामान बदलाचा सर्वांत व्यापक परिणाम याच मंद वाटेने होत आहे आणि आपली मोजणी तेथेच सर्वांत तोकडी पडते, ही माझ्या दृष्टीने या आकडेवारीतील सर्वांत गंभीर उणीव आहे.

दुष्काळ आणि सशस्त्र संघर्ष एकाच प्रदेशात असतात, तेव्हा प्रत्यक्षात काय घडते? माणूस कोणत्या क्षणी निघतो?
– समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी

सोमालियाचे उदाहरण घेऊ, कारण तेथे १९९१ साली केंद्रीय सत्ता कोसळल्यापासून ही दोन्ही संकटे एकत्र नांदत आहेत. सोमाली पशुपालकांसाठी जागा बदलणे हीच अवर्षणाशी लढण्याची परंपरागत रीत आहे. ‘गू’ आणि ‘देर’ या दोन पावसाळ्यांचा अंदाज घेत ते उंट, शेळ्या, मेंढ्या घेऊन जेथे चारा आहे तेथे जातात, आणि एका भागात पाऊस चुकला तर दुसऱ्या कुळाच्या प्रदेशात तडजोडीने चराई मिळवतात. संघर्ष या रीतीचाच गळा आवळतो. वाटांवर सशस्त्र चौक्या उभ्या राहतात, विहिरींवर कर बसतो, अल-शबाब या सशस्त्र इस्लामी संघटनेच्या ताब्यातील भागातून सरकारी भागात जाणारा दोन्हीकडे संशयित ठरतो, आणि ज्या कुळाशी काल चराईचा करार होता त्याच्याशी आज वैर असते. जनावरे आहेत तेथेच अडकतात आणि चारा संपला की मरू लागतात. त्याच वेळी बाजारात सगळेच जनावरे विकायला आणतात, त्यामुळे शेळीचा भाव पडतो आणि धान्याचा चढतो. काही महिन्यांपूर्वी एका शेळीच्या मोबदल्यात कुटुंबाची काही आठवड्यांची बेगमी होत असे, ती आता काही दिवसांवर येते. कुटुंब निघते ते बहुधा या टप्प्यावर, आणि एकदम सगळे निघत नाही. पुरुष उरलेल्या जनावरांमागे थांबतात, स्त्रिया आणि मुले बैदोआ किंवा मोगादिशूच्या कडेच्या छावण्यांकडे चालू लागतात.

जुलै २०११ मध्ये दक्षिण सोमालियात भूकबळींचा दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. त्या संकटात सुमारे २ लाख ६० हजार माणसे मरण पावली आणि त्यांतील जवळपास निम्मी पाच वर्षांखालील मुले होती. अल-शबाबने अनेक मदतसंस्थांना बंदी केली होती. दुसरीकडे, दहशतवादविरोधी अमेरिकी कायद्यांच्या धास्तीनेही मदतीचा ओघ आटला होता. म्हणजे पाऊस आकाशातून पडला नाही हे खरे, पण अन्न पोहोचले नाही ते माणसांच्या निर्णयांमुळे. २०१६-१७ साली पुन्हा तीव्र अवर्षण आले, तेव्हा मदत लवकर मिळाली आणि दुष्काळ जाहीर करण्याची वेळ आली नाही. २०२० च्या अखेरीपासून मात्र सलग पाच पावसाळे वाया गेले. पूर्व आफ्रिकेतील एवढ्या तीव्र कृषी-अवर्षणाची शक्यता हवामान बदलामुळे किमान शंभर पटींनी वाढली, असे संशोधकांनी एप्रिल २०२३ मध्ये जाहीर केले. एकट्या २०२२ मध्ये दहा लाखांहून अधिक सोमाली अवर्षणामुळे विस्थापित झाले आणि त्याच्या पुढच्याच वर्षी पुराने पुन्हा लाखो माणसांना उठवले.

शहरात पोहोचल्यावर त्यांची परवड संपत नाही. छावणीची जमीन खासगी मालकीची असते, तेथे राहू देण्याच्या मोबदल्यात मदतीतला हिस्सा घेणारे मध्यस्थ असतात, आणि जमिनीचे भाव वाढले की तीच कुटुंबे पुन्हा हुसकावली जातात. आणखी एक वर्ग आपल्या नजरेतून पूर्ण सुटतो. निघण्यासाठी थोडा पैसा, चालण्याइतकी ताकद आणि दुसऱ्या टोकाला ओळखीचे कोणीतरी असावे लागते. ज्यांच्याकडे यांतले काहीच नसते ते जागीच अडकतात. २०११ साली ब्रिटिश सरकारच्या दूरदृष्टी प्रकल्पाने प्रसिद्ध केलेल्या स्थलांतरविषयक अहवालात या अडकलेल्या लोकांकडे ठळकपणे लक्ष वेधले होते. हवामान बिघडले की स्थलांतर वाढतेच असे नाही, गरिबी फार खोल असेल तर ते घटतेही, आणि ते अधिक भयंकर असते.

वादळाने किंवा दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या माणसाला दुसऱ्या देशात निर्वासित म्हणून आश्रय मागता येतो का?
– एक वकील

केवळ त्या कारणावर सहसा नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या कारणांवरून छळ होण्याची सकारण भीती असावी लागते. १९६७ च्या पूरक कराराने काळाची आणि प्रदेशाची मर्यादा काढली, व्याख्या बदलली नाही. वादळ कोणाचा छळ करीत नाही, आणि पुरात बुडालेल्या माणसाचे सरकार बहुधा त्याचा शत्रू नसते, अशी यामागची कायद्याची धारणा आहे.

तरी वाट पूर्ण बंद नाही. आफ्रिकी देशांच्या १९६९ च्या करारात ‘सार्वजनिक सुव्यवस्था गंभीरपणे बिघडवणाऱ्या घटना’ हेही आश्रयाचे कारण मानले आहे, आणि १९८४ च्या कार्ताहेना जाहीरनाम्याने लॅटिन अमेरिकेत तसाच व्यापक अर्थ स्वीकारला. दुष्काळ आणि युद्ध एकत्र असतात तेथे या तरतुदी कामी येतात. २०११ साली केनियातील दादाब छावणीत पोहोचलेले सोमाली याच आधारावर निर्वासित ठरले. प्रशांत महासागरातील किरिबाटी या बेटराष्ट्राच्या एका नागरिकाने न्यूझीलंडविरुद्ध केलेल्या तक्रारीवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीचा निर्णय जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला परत पाठवण्यात समितीला हक्कभंग दिसला नाही, परंतु जेथे हवामान बदलामुळे जगण्याच्या हक्कालाच खरा धोका आहे अशा ठिकाणी कोणालाही परत पाठवू नये, हे तत्त्व तिने मान्य केले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या २३ जुलै २०२५ च्या सल्लागार मतातही हा मुद्दा आला आहे. या दोन्ही गोष्टी थेट बंधनकारक नाहीत, पण तुमचे सहव्यावसायिक आश्रयाच्या दाव्यांत त्यांचा आधार घेऊ शकतात.

१९५१ चा करार पुन्हा उघडून त्यात हवामानाचे कारण घालावे, अशी सूचना अनेक वाचक करतात. हेतू चांगला असला तरी मला ती धोक्याची वाटते. आज अनेक सरकारे आश्रयाचा हक्क आकुंचित करण्याची संधी शोधत आहेत. करार उघडला तर त्यात भर पडण्याऐवजी आहे तेही जाईल. शिवाय बहुसंख्य विस्थापित सीमा ओलांडतच नाहीत. त्यांच्यासाठी अंतर्गत विस्थापनाविषयीची संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि आफ्रिकेत २००९ साली स्वीकारलेला व २०१२ पासून अमलात असलेला कंपाला करार अधिक उपयोगी आहेत. कंपाला करार आपत्ती आणि हवामान बदल यांमुळे झालेल्या विस्थापनाचा स्पष्ट उल्लेख करतो.

येत्या काही दशकांत कोट्यवधी हवामानग्रस्त लोक श्रीमंत देशांवर लोटतील, ही भीती कितपत खरी आहे?
– एक अभियंता

या भीतीला आधार नाही. बहुतेकदा उद्धृत केला जातो तो जागतिक बँकेचा २०२१ चा अंदाज. त्यानुसार २०५० पर्यंत सहा प्रदेशांत मिळून २१ कोटी ६० लाखांपर्यंत लोक स्थलांतर करू शकतात, पण आपापल्या देशातच. हा अंदाज सीमा ओलांडणाऱ्यांविषयी नाही, आणि उत्सर्जनात कपात व समन्यायी विकास झाल्यास ही संख्या ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, हे वाक्य त्याच अहवालात आहे.

आजची स्थितीही तेच सांगते. २०२४ अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसे बळजबरीने विस्थापित होती. त्यांतील सुमारे ६० टक्के आपल्याच देशात होती आणि सीमा ओलांडलेल्यांपैकी ६७ टक्के शेजारच्या देशात थांबली होती. दार्फूरमधून पळालेल्यांना चाडने जागा दिली. चाड हा जगातील अत्यंत गरीब आणि हवामान बदलापुढे सर्वांत हतबल देशांपैकी एक आहे. लोंढ्याच्या भीतीपोटी युरोपातील सरकारे सीमांवर पैसा ओततात आणि चाडमधील आदरे येथील छावण्यांना पाणी पुरत नाही, ही विषमता संतापजनक आहे.

युद्धामुळे पर्यावरणाची हानी होते आणि तिच्यातून पुन्हा विस्थापन होते, याची उदाहरणे द्याल का?
– एक वाचक

जून २०२३ मध्ये युक्रेनमधील काखोव्का धरण उद्ध्वस्त झाले. खालची गावे बुडाली आणि वरच्या विस्तीर्ण शेतीचे सिंचन गेले. इराकमध्ये १९९१ च्या उठावानंतर सद्दाम हुसेन यांच्या राजवटीने दक्षिणेकडील दलदली हेतुपुरस्सर कोरड्या केल्या, कारण बंडखोर तेथे लपत असत; शतकानुशतके पाण्यावर वसलेली माणसे त्यामुळे देशोधडीला लागली. २००३ नंतर पाणी पुन्हा सोडण्यात आले आणि काही कुटुंबे परतली, पण आता वरच्या बाजूची धरणे आणि अवर्षण यांमुळे त्या दलदली पुन्हा आटत आहेत.

याची दुसरी बाजू म्हणजे, युद्धातून वाचलेली माणसे जेथे थांबतात तीच जागा बहुधा सर्वांत धोक्याची असते, कारण चांगली जमीन आधीच कोणाची तरी असते. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात आले. कॉक्स बाजार जिल्ह्यातील टेकड्यांवरची झाडे तोडून त्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि आता दर पावसाळ्यात तेथे दरडी कोसळतात. विटांची पक्की घरे बांधायला त्यांना परवानगी नाही, म्हणून मे २०२३ मध्ये मोखा चक्रीवादळ आले तेव्हा बांबू आणि ताडपत्रीची हजारो घरे मोडली. ईशान्य नायजेरियातील मैदुगुरी शहरात बोको हराम या सशस्त्र इस्लामी संघटनेच्या भीतीने आलेली लाखो माणसे राहतात. १० सप्टेंबर २०२४ रोजी अलाऊ धरण फुटले आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. तेथील अनेक कुटुंबांना आधी बंदुकीने उठवले होते, त्या दिवशी पाण्याने उठवले. धरणाच्या देखभालीची हेळसांड झाली नसती तर त्या पावसाने एवढा अनर्थ घडला नसता, असे तेथील लोक उघडपणे म्हणत होते, आणि त्यांचे म्हणणे मला पटते.

प्रशांत महासागरातील बुडणाऱ्या बेटांवरील लोकांचे काय होणार?
– एक वाचक

तुवालू आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये फालेपिली करार झाला. त्यानुसार दर वर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम राहण्याचा परवाना मिळू शकतो, आणि समुद्राने जमीन गिळली तरी तुवालूचे राष्ट्र म्हणून अस्तित्व मान्य राहील असे ऑस्ट्रेलियाने म्हटले आहे. त्याच करारात सुरक्षाविषयक बाबींत तुवालूने ऑस्ट्रेलियाची संमती घेण्याची अटही आहे, हे सांगणे आवश्यक आहे. किरिबाटीने २०१४ साली फिजीमध्ये जमीन विकत घेतली. पनामातील गार्दी सुगदुब या बेटावरील गुना जमातीची सुमारे तीनशे कुटुंबे जून २०२४ मध्ये मुख्य भूमीवरील नव्या वसाहतीत गेली. त्या निर्णयामागे समुद्राइतकीच बेटावरची दाटीही होती. बेटांवरील अनेक लोक स्वतःला निर्वासित म्हणवून घेण्यास ठाम नकार देतात. आपल्या बेटावर राहता यावे म्हणून इतर देशांनी उत्सर्जन घटवावे, ही त्यांची पहिली मागणी आहे आणि तिला बगल देऊन पुनर्वसनाच्या योजना आखणे अन्यायाचे ठरेल.

हे स्थलांतर थांबवण्यासाठी काय करता येईल?
– एका महाविद्यालयातील प्राध्यापिका

सगळेच स्थलांतर थांबवणे हे उद्दिष्ट मला योग्य वाटत नाही. नाइलाजाने, हात रिकामे झाल्यावर आणि जीव मुठीत धरून निघावे लागणे थांबवायचे आहे. वेळेवर आणि स्वतःच्या निर्णयाने हलता येणे मात्र सोपे करायचे आहे. ही दोन कामे वेगळी आहेत.

पहिल्या कामात काय साधते ते ठाऊक आहे. १९७० साली लाखो माणसे गमावलेल्या त्याच किनाऱ्यावर बांगलादेशाने पूर्वसूचना, स्वयंसेवक आणि निवारे यांची यंत्रणा उभारली. मे २०२० मध्ये अम्फान वादळापूर्वी तेथे वीस लाखांहून अधिक माणसे हलवली गेली आणि मृत्यूंचा आकडा दोन अंकी राहिला. सोमालियातील २०११ आणि २०१७ मधला फरक वर आलाच आहे: जनावरे जिवंत असताना पोहोचलेली मदत कुटुंबाला जागेवर ठेवू शकते, जनावरे मेल्यावर पोहोचलेली मदत केवळ छावणीत जगवते.

अडचण अशी की, हवामान बदलाशी जुळवून घेण्यासाठी दिला जाणारा आंतरराष्ट्रीय निधी संघर्षग्रस्त देशांपर्यंत फारच थोडा पोहोचतो. देणाऱ्यांना हिशेब ठेवणारी स्थिर सरकारी यंत्रणा हवी असते, आणि जेथे सरकारची सत्ता राजधानीच्या वेशीबाहेर चालत नाही तेथे ती नसते. हवामान बदलाने झालेल्या नुकसानीच्या भरपाईसाठी २०२२ साली शर्म अल-शेख येथे मान्य झालेला निधी पुढच्या वर्षी दुबईत सुरू झाला, तेव्हा त्याला मिळालेली आश्वासने सुमारे ७० कोटी डॉलरची होती; गरजेच्या तुलनेत ही रक्कम अगदीच तुटपुंजी आहे. तो निधी कोणत्या वाटेने द्यायचा हा प्रश्न रकमेइतकाच महत्त्वाचा आहे. सरकार नसेल तेथे नगरपालिका, पाणीवापर समित्या आणि स्थानिक मदतगट यांच्याकडे थेट पैसा देण्याची तयारी ठेवावी लागेल. सुदानमधील मोहल्ल्यांत तरुणांनी चालवलेली सामुदायिक स्वयंपाकघरे युद्धातही सुरू राहिली, हा अनुभव ताजा आहे.

दुसऱ्या कामासाठी कायदेशीर वाटा हव्यात. अर्जेंटिनाने २०२२ साली मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देशांतील आपत्तीग्रस्तांसाठी मानवतावादी व्हिसाची सोय केली. पूर्व आफ्रिकेतील ‘आयगॅड’ या संघटनेने २०२० साली मान्य केलेल्या मुक्त संचाराच्या मसुद्यात आपत्ती येण्यापूर्वी, आपत्तीच्या काळात आणि तिच्यानंतर शेजारच्या देशात प्रवेश देण्याची तरतूद आहे, आणि कुरणांच्या शोधात सीमा ओलांडणाऱ्या पशुपालकांसाठी स्वतंत्र मसुदाही आहे. हे मसुदे सदस्य देशांनी प्रत्यक्ष लागू केले, तर सोमाली, इथियोपियन आणि केनियन पशुपालकाला चारा संपण्याआधी आपल्या कळपासह सीमेपलीकडे जाता येईल, आणि हंगाम पालटल्यावर परतही येता येईल.